नकार कुणाचा?

मामा मूळ वसईचे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. भाचीने धर्मभगिनी व्हायचे ठरवले होते; धर्मभगिनींच्या संघाने तिचा अर्ज परत पाठवला. रविवारची मिस्सा आटोपून ती मामांकडे आली आहे. दोघेही कल्पित आहेत. ते ज्यांचे दाखले देतात, ती माणसे खरी.

भाची : एकच ओळ आहे पत्रात. ‘तुमच्या पाचारणाविषयी आम्हांला खात्री वाटत नाही.’ आई म्हणते, देवाचीच इच्छा नव्हती.

मामा : आणि तू?

भाची : देवाची इच्छा लेटरहेडवर कधीपासून टाइप व्हायला लागली?

मामा : हे वसईकडच्या गासच्या देवळात बोलली असतीस, तर तिथल्या संत गोन्सालो गार्सियाला पटलं असतं! आपल्याच वसईचा तो. बाप पोर्तुगीज, आई इथली. पोरवयात येशूसंघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, लोकांना धर्म शिकवत हिंडला. मला संघात घ्या म्हणून विनवत राहिला. नाही घेतलं. हिंदी रक्ताचा माणूस आत घ्यायला तेव्हा युरोपीय वरिष्ठ नाखूश असायचे. शेवटी मकावला जाऊन व्यापारात पडला. पैसा मिळाला, बस्तान बसलं. तरी सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कनांकडे गेला. तिथेही फादर नाही, साधा ब्रदर. 1593 साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानला, आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर दिलं, त्यात तो.

भाची : म्हणजे मीही आता दुसऱ्या संघात अर्ज करू?

मामा : ते नाही म्हणत मी. त्याला काय हवं होतं ते बघ. नुसता येशूसंघाचा झगा हवा असता, तर मकावला पैसे मोजत जन्मभर चरफडत बसला असता. त्याला जपानातली ती माणसं हवी होती. ज्यांनी नाकारलं, त्यांच्याबरोबर राहून शिकलेली भाषा घेऊन तो त्याच माणसांकडे परत गेला. तुला काय हवंय? सिस्टरची साडी की ते काम?

भाची : दोन्ही. साडी हवीशी वाटण्यात पाप आहे का? आणि मामा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या सव्वीस जणांत येशूसंघाचेही तिघे होते. त्यांतल्या दोघांना अगदी मरणाच्या तोंडावर संघात घेतलं. गोन्सालोला काय वाटलं असेल?

(मामा गप्प. गोन्सालोवरच्या प्रवचनांत हा तपशील निदान माझ्या तरी कानावर कधी आला नाही.)

मामा : त्याचं त्यात काय कमी झालं? 1862 मध्ये पोपनी सगळ्यांना एकदमच संत केलं.

भाची : 265 वर्षांनी. मला संतपद नको, कारण हवंय.

मामा : इथे बिर्ला मंदिरात विठोबा आहे ना? त्याच्या चोखोबाला पंढरपुरात आत येऊ दिलं नाही. सोडली का त्याने भक्ती? समाधीसुद्धा महाद्वारासमोर.

भाची : आणि दार उघडलं कधी? 1947 साली, साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा. सहाशे वर्षं लोक चोखोबाचे अभंग गात होते आणि त्याच्या माणसांना बाहेर ठेवत होते. सोसणाऱ्याचं कौतुक केलं की दार अडवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

मामा : भांडून माणूस कडवट होतो, बाळा. गोव्यातल्या दिवाडचा मातेउस द कास्त्रो बघ. गोव्यात धर्मगुरूची दीक्षा नाकारली, तर थेट रोम गाठलं. 1637 मध्ये बिशप झाला. पण पुढचं आयुष्य पोर्तुगीजांशी भांडण्यात गेलं, मेलाही रोमलाच.

भाची : आणि कनानी बाई? मत्तयच्या पंधराव्या अध्यायातली. आजारी मुलीसाठी आली, तर येशू आधी बोललाच नाही. शिष्य म्हणाले, हिला घालवून दे. मग तो म्हणाला, मी इस्राएलासाठी आलोय. शेवटी तर मुलांची भाकर आणि कुत्री, असं काहीतरी लागट बोलला. तिने त्याचेच शब्द धरून त्याला उत्तर दिलं, आणि तो म्हणाला, तुझी श्रद्धा मोठी. पहिल्याच नकाराला देवाची इच्छा समजून ती घरी गेली असती तर?

मामा : ती प्रभूशी बोलत होती. तू ऑफिसशी भांडणार.

भाची : प्रभूशी रोज रात्री भांडते. त्याने अजून घालवून दिलेलं नाही, म्हणून तर ऑफिसला लिहायचा धीर होतो.

मामा : बरं, लिही. त्यांनी कारण कळवलं आणि ते खरंच निघालं, तर? म्हणाले, तुझा स्वभाव संघात राहण्यासारखा नाही?

भाची : (बऱ्याच वेळाने) तर ऐकावं लागेल. रडेन आणि ऐकेन. पण तुम्ही म्हणता तसं मला काय हवंय ते तपासायचं, तर आधी त्यांना काय खटकलं ते कळायला नको?

मामांनी यावर चहा टाकला, म्हणजे वाद संपला असे नाही.

मला भाचीचे म्हणणे पटते. साडी की काम, हा मामांचा प्रश्न तिने ‘दोन्ही’ म्हणून अर्धवट सोडला आहे, आणि तो तिला एकटीलाच सोडवावा लागेल. पण कारण विचारल्याने तिची श्रद्धा कमी ठरत नाही. पाचारण पारखण्याचा अधिकार संघाला आहे, आणि कधीकधी नाही म्हणणेच योग्य असते. मात्र ज्या मुलीने आपले अख्खे आयुष्य तुमच्यापुढे ठेवले, तिला समोर बसवून, तिच्या भाषेत, दोन शब्दांत कारण सांगा. एका ओळीच्या पत्रावर देवाचे नाव घालून तिला परत पाठवू नका.