गावच्या धुराचा हिशेब कोणी द्यावा?

जो अपराध गरिबाने फारसा केलाच नाही, त्याचे प्रायश्चित्त त्याने घ्यावे काय? हा जुनाच प्रश्न सांप्रत आपल्या धाराशिव जिल्ह्यातील ग्रामपंचायतींपुढे नव्या रूपाने उभा आहे. ग्लासगो येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये भरलेल्या जागतिक परिषदेत भारताने असे वचन दिले की, २०७० सालापर्यंत आपला देश कर्बवायूच्या बाबतीत निव्वळ शून्यावर येईल. म्हणजे कोळसा, डिझेल इत्यादी जाळून जितका वायू हवेत जाईल, तितकाच झाडे व माती इत्यादींच्या योगे परत शोषला जाईल. आपल्या राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू झाले, आणि २०२४ सालच्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत भंडारा जिल्ह्यातील बेला ह्या ग्रामपंचायतीस ‘कार्बन न्यूट्रल’ पंचायत म्हणून गौरविण्यात आले. तेव्हा आपल्या गावानेही असे का करू नये, असे कोणी ग्रामसभेत विचारील, तर त्यास काय उत्तर द्यावे?

कोणी म्हणेल, “हा धूर आम्ही केलाच नाही.” हे म्हणणे खोटे नाही. वर्षाकाठी एका भारतीय माणसाच्या वाट्यास सरासरी सुमारे दोन टन कर्बवायू येतो. अमेरिकेतील माणसाच्या वाट्यास त्याच्या सुमारे सातपट. आणि त्या भारतीय सरासरीतही वाडीवरच्या मजुराचा वाटा शहरातील धनवानाच्या मानाने अगदीच थोडा. परंतु धूर कोणाचाही असो, त्याचे फळ सर्वांच्या शेतात पडते. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. यास्तव पाऊस पडला तर कोसळतो, आणि न पडला तर जमीन अधिक लवकर सुकते. ज्या जिल्ह्याने २०१५-१६ चा दुष्काळ पाहिला, त्याच्याच भूम व परंडा तालुक्यांत सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने उभी पिके व जनावरे नेली. प्रत्येक पुराचा दोष ह्या एकाच कारणावर घालता येणार नाही हे खरे; तरी “माझा दोष नाही” एवढे म्हणून आपले काम संपत नाही, हेही तितकेच खरे.

आता त्याहून अवघड गोष्ट. जो अन्याय देशादेशांत आहे, तोच गावातही आहे. एक लिटर डिझेल जळले म्हणजे अडीच किलोहून अधिक कर्बवायू निघतो. आपली बहुतेक वीज कोळशावर होते, म्हणून विजेच्या एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो पडतो. पिकास मानवेल त्याहून अधिक युरिया घातला, तर जमिनीतून जो नत्राचा वायू निघतो, तो उष्णता धरण्यात कर्बवायूच्या सुमारे २७० पट प्रबळ आहे. ऊस तोडल्यावर फडातील पाचट पेटवले जाते, तो धूर निराळाच. हा सर्व व्यवहार ज्यांना जमीन, मोटारी व ट्रॅक्टर आहेत त्यांचा होय. असे असता, “अगोदर त्या म्हाताऱ्या विधवेची चूल बंद करा,” असे जी पंचायत म्हणेल, ती न्यायी म्हणावी काय? चुलीचा धूर काढावयाचाच. पण तो तिच्या फुप्फुसांसाठी, आणि तिला परवडेल असा गॅस दिल्यावर. इतरांची पापे झाकण्यासाठी नव्हे.

दुसरा मोह झाडांचा. शून्याचा सोपा मार्ग म्हणजे गायरानावर हजारो रोपे लावणे. कागदावर ती जमीन पड दिसते. परंतु मराठवाड्यात पुष्कळ भूमिहीन कुटुंबे, विशेषेकरून दलित, पिढ्यानपिढ्या गायरान कसून खात आली आहेत. १९७८ ते १९९० ह्या काळातील अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने १९९१ साली केला, तरी अनेकांच्या नावे सातबारा अद्याप झालेला नाही. त्यांची बाजरी उपटून तेथे रोपे लाविली, तर ते शून्य दुसऱ्याच्या ताटातून काढलेले शून्य होय. शिवाय लहान रोप पहिली काही वर्षे फारच थोडा वायू शोषते, आणि उन्हाळ्यात वाळले तर काहीच नाही. तसेच आपल्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात म्हणून ते पुण्य गावाच्या खाती मांडणे हेही योग्य नव्हे. ती वीज बाहेर जाते, आणि गावचा पंप कोळशावरच चालतो.

मग करावे काय? भंडारा हा तळ्यांचा व भातशेतीचा जिल्हा; त्याची नक्कल आपल्या कोरड्या मुलखात चालणार नाही. आपल्या जवळचा धडा अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा आहे. तेथे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. त्या गावाने सिंचनासाठी कूपनलिका व उसासारखी पाणीखाऊ पिके वर्ज्य केली, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची रीत पाडली. ज्याची विहीर मोठी त्यासही तो हिशेब ऐकावा लागतो. पाण्याचा असा हिशेब मांडता येतो, तर धुराचा का मांडता येऊ नये?

यास्तव क्रम असा असावा: प्रथम मोजणे, मग कमी करणे, आणि सर्वांच्या शेवटी लावणे. गावात डिझेल किती, युनिटे किती, खत किती, हे पंचायतीने फळ्यावर लिहावे. मग रस्त्यांचे दिवे, पाणीपुरवठ्याचा पंप व शाळेचे छप्पर सौर विजेवर आणावे. पाचट न जाळता फडातच आच्छादन म्हणून पसरावे, म्हणजे ओलही टिकते. ज्यांस गुरे आहेत त्यांनी गोबरगॅस बांधावा. मग झाडे: बांधावर, रस्त्याच्या कडेस, ओढ्याच्या काठी, आणि लाविलेली नव्हे, तर तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली मोजावी. हा अधिकार कोणाकडे मागावयास नको. १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे जे २९ विषय सांगितले, त्यांत सामाजिक वनीकरण, जळण व चारा आणि अपारंपरिक ऊर्जा हे आहेतच.

वाचकहो, आपणांपैकी पुष्कळजण ग्रामसभेत मागच्या रांगेत बसतात, व बोलणे पुढच्यांचे काम समजतात. परंतु हा हिशेब मागच्या रांगेतून विचारला गेला, तरच खरा होईल. झाडे कोठे लावणार, कोणाची जमीन जाणार, आणि कोणाचा धूर प्रथम कमी होणार, हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, आणि त्यांची उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्या. ज्या शून्याने दुबळ्याचे ओझे वाढते ते शून्य नव्हे. ते केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लोटलेले कर्ज होय.