दिवाळीतला कोकीळ

मालिकेत दिवाळीची पहाट दाखवतात. रांगोळी, पणत्या, अभ्यंगस्नानाची गडबड, आणि मागे कोकीळ जीव तोडून ओरडत असतो. रत्नागिरीत दिवाळीच्या सुमारास कोकीळ जवळजवळ मुका असतो. त्याला कंठ फुटतो तो फाल्गुन-चैत्रात. मग कावळ्यांची वीण संपेपर्यंत, भर पावसातही, तो थांबत नाही, कारण मादीला अंडी घालायची असतात कावळ्याच्या घरट्यात. या आवाजामागे एवढा जगण्याचा व्यवहार आहे. तो कुठल्याही ऋतूत वाजवला की त्या पहाटेतला ऋतूच पुसला जातो.

आपल्याकडे पक्ष्यांच्या आवाजावर माणसं कामं ठरवत आली. पावशाचं 'पेरते व्हा' कानी पडलं, पहाटे नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू आली, की राहिलेल्या शाकारणीची घाई उडते.

सर्वांत मोठा अन्याय गरुडावर होतो. पडद्यावर कोणताही शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की तीच एक लांब, चरचरीत किंकाळी. ती बहुधा 'रेड-टेल्ड हॉक' या अमेरिकेतल्या पक्ष्याची असते. तिथल्या बॉल्ड ईगलचा आवाज चिरका, बारीक. म्हणून हॉलिवूडने त्याच्या तोंडी ही किंकाळी घातली, आणि पुढे ती जगभरच्या गरुडांना चिकटली. आमच्या किनाऱ्यावरचा समुद्री गरुड उंच झाडावर काटक्यांचं अवाढव्य घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं त्याचीच डागडुजी करतो. जोडी ओरडू लागली की हंसासारखा, नाकातून आलेला खणखणीत आवाज दूरवर जातो. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'च्या कार्यकर्त्यांनी ही घरटी शोधत किनारा पालथा घातला आहे. आणि इथल्याच मुलांच्या कानात गरुड म्हणून अमेरिकेतली किंकाळी बसावी, याचं मला फार वाईट वाटतं.

तक्रार केली तर फरक पडतो. 2000 साली अमेरिकेत गोल्फच्या प्रक्षेपणात त्या भागात नसलेले पक्षी ऐकू आले, पक्षीनिरीक्षकांनी ते ओळखलं, आणि ध्वनिमुद्रित आवाज मिसळल्याचं सीबीएस वाहिनीला मान्य करावं लागलं. आपणही वाहिन्यांना लिहायला हवं. मागणी अवघड नाही: चित्रीकरण आटोपल्यावर ध्वनिमुद्रकाने सगळ्यांना गप्प करावं आणि त्या जागेचा नुसता आवाज दहा मिनिटं टिपून घ्यावा. बुलबुल, शिंपी, भारद्वाजाचा घुमारा, एवढं तर कोकणातल्या कुठल्याही परसात मिळतं.