न वाचता दिलेला होकार

नवा लॅपटॉप खोक्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर कारखान्यातली पातळ पिशवी असते. झाकण उघडलं की पडदा आणि कीबोर्ड यांच्यामध्ये ठेवलेला पांढरा मऊ कागद हाताला लागतो. तो बाजूला होतो, घरातलं कुणीतरी झाकणाच्या कोपऱ्यावर हळदकुंकवाचं बोट टेकवतं, दसऱ्याचे दिवस असतील तर झेंडूचं फूलही वाहिलं जातं. मग कळ दाबायची. पडदा उजळतो आणि काम करू लागण्याआधी यंत्र विचारू लागतं. देश कोणता, कीबोर्ड कोणत्या भाषेचा, वायफायचा पासवर्ड काय. त्यापाठोपाठ परवान्याचा करार येतो. एका चौकटीत बारीक इंग्रजी मजकूर, कितीही खाली सरकवला तरी न संपणारा, आणि त्याच्याखाली ‘ॲक्सेप्ट’चं ठळक बटण. खातं उघडून होतं, पिन ठरतो. मग विंडोज 11 ठावठिकाणा, हरवलेलं यंत्र शोधण्याची सोय, निदानासाठी पाठवायची माहिती, टंकलेखनाचे नमुने, जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक अशा एकेका गोष्टीची परवानगी मागते. तासाभरात लॅपटॉप कामाला तयार होतो. तेवढ्या वेळात मालकाने बऱ्याच गोष्टींना हो म्हटलेलं असतं, आणि कशाकशाला म्हटलं हे दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगता येत नाही.

हा होकार खरोखर होकार आहे का?

प्रश्न यंत्राचा वाटतो, पण यंत्राहून फार जुना आहे. माणसाच्या ‘हो’मध्ये काय काय असावं लागतं, समजल्याशिवाय दिलेला शब्द बांधतो का, आणि बांधत असेल तर कुणाला, यावर धर्मपरंपरांनी कसून विचार केलेला आहे. नव्या लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाला तो विचार उपयोगी पडावा, इतका तो आजचा आहे.

आधी वस्तुस्थिती. 1 एप्रिल 2010 रोजी गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानदार कंपनीने आपल्या ऑनलाइन अटींमध्ये एक कलम घातलं: ग्राहक आपल्या अमर आत्म्यावरचा हक्क कंपनीला देत आहे. कलम नाकारायची सोय तिथेच होती, शिवाय नाकारणाऱ्याला पाच पौंडांचं कूपन मिळणार होतं. तरी सुमारे 7,500 ग्राहकांनी आत्मा देऊन टाकला. कंपनीने पुढे तो हक्क सोडला. पण त्या दिवशी उघड झालेली गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ज्या संस्कृतीने आत्म्याच्या सौद्यावर फाउस्टसारखी कथा रचली, जिथे सैतानालासुद्धा करारावर रक्ताने सही घ्यावी लागते, तिथेच ‘आत्मा’ हा शब्द समोर लिहिलेला असूनही वाचला गेला नाही. पुढे जोनाथन ओबर आणि ॲन ओल्डॉर्फ-हर्श या संशोधकांनी एका काल्पनिक समाजमाध्यमासाठी नोंदणी करायला 543 विद्यार्थ्यांना सांगितलं. अटींमध्ये पहिलं अपत्य कंपनीला द्यावं लागेल असं लिहिलं होतं. 98 टक्के जणांच्या ते लक्षातच आलं नाही.

याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अलीशिया मॅकडोनाल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी 2008 मध्ये हिशेब मांडला होता: वर्षभरात ज्या ज्या संकेतस्थळांवर एक अमेरिकी माणूस जातो, त्या सगळ्यांची गोपनीयता धोरणं वाचायची तर 200 हून अधिक तास लागतील. म्हणजे जवळजवळ पाच आठवड्यांची नोकरी. वाचणं अशक्य करून ठेवायचं आणि वाचलं असं गृहीत धरायचं, या पायावर ही सगळी रीत उभी आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. न समजता हो म्हणणं धर्माला नवं आहे का? सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानाला किती संस्कृत कळतं? गुरुजी सांगतात, यजमान ‘मम’ म्हणतो आणि पुढे जातो. लॅपटॉपसमोर बसलेला माणूसही तेच करतो ना?

आक्षेप नीट तपासायचा तर संकल्प जवळून पाहावा लागेल. यजमान उजव्या तळहातावर पाणी, अक्षता, फूल घेतो. गुरुजी काळ आणि स्थळ सांगू लागतात, अफाट पसाऱ्यापासून सुरुवात करून. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण. भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शकाचा संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. हे वर्तुळ आवळत आवळत एका माणसापाशी येतं: अमुक गोत्रात जन्मलेला, अमुक नावाचा. आपलं नाव त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागतं. त्यानंतर हेतू सांगितला जातो, की अमुक फळासाठी अमुक देवतेचं अमुक कर्म करतो. तेव्हा कुठे तळहातावरचं पाणी ताम्हनात सुटतं.

एकेक शब्द न कळणारा यजमानही इथे पुष्कळ काही जाणून असतो. कोणतं कर्म चाललंय, कशासाठी, किती वेळाचं, हे त्याला ठाऊक असतं. हेतू एकच आणि आधी सांगितलेला. सत्यनारायणाच्या संकल्पातून कुणी त्याच्या घराची कागदपत्रं मागू शकत नाही. शेजारी बायको असते, समोर नातलग आणि आळीतली माणसं. न कळलेला भाग त्याने गुरुजींच्या भरवशावर सोडलेला असतो, आणि गुरुजी पुढच्या महिन्यातही त्याच गावात असतात, त्यांना जाब विचारता येतो. शेवटी उणंदुणं राहिलं असेल तर क्षमा मागितली जाते, देवतेचं विसर्जन होतं आणि कर्म संपतं. म्हणजे न समजल्याची भरपाई हेतू, साक्षीदार, जबाबदार मध्यस्थ आणि शेवट या चौघांनी केलेली आहे.

परवान्याच्या पडद्यावर यांपैकी काहीच नाही. हेतू अनेक आणि मोघम, ‘सेवा सुधारण्यासाठी’ या धाटणीचे. साक्षीदार नाही. अटी पुढे बदलू शकतात आणि वापर चालू ठेवला तर बदलही मान्य धरले जातात, म्हणजे विसर्जनाचा क्षणच येत नाही. मध्यस्थाचं तर विचारूच नये. तालुक्याच्या गावात लॅपटॉप घेतला की बहुतेक वेळा दुकानातला मुलगाच तो ‘सेट करून’ देतो. सवयीने झरझर बटणं दाबतो, गिऱ्हाइकाचा मोबाइल मागून घेऊन ओटीपी टाकतो आणि यंत्र हातात देतो. हे तो सेवा म्हणून, चांगुलपणाने करतो. पण करार ज्याच्या नावाने झाला त्याने बटणाला हातही लावलेला नसतो.

याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय इथे आठवावा. बळाने किंवा कपटाने झालेले व्यवहार राजाने रद्द करावेत असं सांगताना स्मृती त्यांच्या पंक्तीला रात्री, घराच्या आत आणि गावाबाहेर झालेले व्यवहारही बसवते. जिथे चार लोकांची नजर नाही तिथल्या संमतीबद्दल शास्त्रकार साशंक होते. त्याच श्लोकात स्त्रीने केलेले व्यवहारही रद्द ठरवले आहेत, आणि ते आज कुणी मान्य करू नये. पण नजरेआडच्या होकारावर पटकन भरवसा ठेवू नये ही जाण खरी होती.

यहुदी परंपरेने हा प्रश्न सर्वांत धीटपणे स्वतःवरच रोखला. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात सिनाय पर्वताच्या पायथ्याशी इस्राएलचे लोक देवाच्या कराराला मान्यता देतात, आणि त्यांच्या उत्तरात पाळण्याचं वचन आधी येतं, ऐकण्याचं नंतर. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या ‘शब्बाथ’ भागात याबद्दल एक प्रसंग आहे. रावा नावाचे पंडित अभ्यासात इतके बुडाले होते की पायाखाली दाबलेल्या बोटांतून रक्त आलं तरी त्यांना कळलं नाही. ते पाहून एक पाखंडी म्हणाला की तुम्ही उतावळे ते उतावळेच. आधी ऐकायला हवं होतं, झेपत असेल तर घ्यायचं, नाहीतर सोडायचं. रावांचं उत्तर थोडक्यात असं, की आम्ही निर्मळ मनाने चालणारे आहोत. समोर कोण आहे हे ठाऊक होतं, म्हणून ऐकण्याआधी हो म्हटलं.

विश्वासाने दिलेल्या आंधळ्या होकाराचं याहून चांगलं समर्थन सापडणं कठीण. पण त्याच ठिकाणी तालमूद दुसरी कथाही सांगते. देवाने तो पर्वत लोकांच्या डोक्यावर पिंपासारखा उपडा धरला: करार पत्करा, नाहीतर इथेच तुमची कबर होईल. यावर अहा बार याकोव हे विद्वान लगेच म्हणतात की मग तर सगळ्या धर्मशास्त्राविरुद्ध मोठी हरकत उभी राहते, जबरदस्तीचा करार बांधत नाही. रावा ती हरकत फेटाळत नाहीत. एस्तेर राणीच्या काळात लोकांनी तोच करार पुन्हा, आपखुशीने स्वीकारला, असं ते सांगतात. आपल्या धर्माच्या मुळाशी असलेल्या संमतीलाच ही कसोटी लावण्याचं धैर्य विलक्षण आहे. प्रत्यक्ष देवाशी केलेला करारही दबावाखाली झाला असेल तर पुन्हा मोकळ्या मनाने करावा लागतो, तर सॉफ्टवेअरच्या कराराला सूट कोणत्या न्यायाने?

दबाव कसला, असं कुणी विचारेल. नको तर घेऊ नये. विंडोजच्या परवान्यात तसं लिहिलेलंच आहे: अटी मान्य नसतील तर विक्रेत्याच्या किंवा उत्पादकाच्या धोरणानुसार यंत्र परत करा. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मधल्या निबंधात या युक्तिवादाला उत्तर देऊन ठेवलं आहे. देशात राहतोस म्हणजे राजसत्ता तुला मान्य आहे, असं गरिबाला सांगणं हे झोपेत जहाजावर आणून ठेवलेल्या माणसाला ‘थांबलास म्हणजे कप्तान तुला मान्य आहे’ असं सांगण्यासारखं आहे. उतरायचं तर समुद्रातच उडी घ्यावी लागते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलीची अवस्था याहून वेगळी नाही. असाइनमेंट, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, सगळं त्या पडद्यातून जातं. लॅपटॉप परत करून तिने शिकायचं कसं?

म्हणजे तिच्यावर दोष नाही, असं म्हणून सुटता येईल का? जैन विचार इथे थांबवतो. कर्म तीन वाटांनी बांधलं जातं: स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि अनुमोदन दिलेलं. हो म्हणणं ही जैनांच्या लेखी कृतीच आहे, तिचा भार असतो. हा विचार लॅपटॉपला लावला की एक बाजू दिसते जी एरवी दिसत नाही. सिंक सुरू केलं की फोनमधले संपर्क, मेल, फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातात. त्यांत मैत्रिणीचा नंबर असतो, भावाच्या आजारपणाचे रिपोर्ट असतात, शेजारच्या बाळाच्या बारशाचे फोटो असतात. त्यांच्यापैकी कुणालाच विचारलेलं नसतं. एका बोटाने दिलेली अनुमती दहा घरांच्या वतीने दिली जाते. स्वतःच्या माहितीबद्दल माणूस बेफिकीर राहू शकतो, तो त्याचा प्रश्न. दुसऱ्याची वस्तू आपल्या होकाराने देण्याचा अधिकार मात्र कोणतीच परंपरा देत नाही.

मग खरी संमती दिसते कशी? महाराष्ट्राला तिचं मोठं उदाहरण दूर शोधावं लागत नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मध्ये 21 वर्षं गेली: वाचन, तुलना, चर्चा, वाद. दीक्षेच्या वेळी लाखो अनुयायांना त्यांनी 22 प्रतिज्ञा दिल्या, एकेक वेगळी, मोठ्याने म्हणवून घेतलेली, लोकांच्या मराठीत. काय सोडतो आणि काय धरतो हे प्रत्येक प्रतिज्ञेत स्पष्ट. दुसऱ्या दिवशी भाषण करून हा मार्ग का निवडला हेही त्यांनी सविस्तर सांगितलं. त्या सोहळ्याची बरोबरी यंत्राच्या परवान्याशी करायची नाही; पाहायची आहे ती रीत. ज्यांना पिढ्यान्पिढ्या कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यांची संमती घेताना बाबासाहेबांनी कुठेही घाई केली नाही.

बौद्ध विनयातही, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांतही, हीच काळजी आहे. उपसंपदेला, म्हणजे भिक्षू म्हणून पूर्ण दीक्षा घ्यायला, आलेल्याला संघासमोर विचारतात: तू स्वतंत्र आहेस ना, कर्जात नाहीस ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, आईवडिलांची परवानगी आहे ना. हे प्रश्न आधी बाजूला नेऊन समजावून द्यावेत असा नियम आहे, कारण भर सभेत माणूस गोंधळतो. मग प्रस्ताव मांडून तीनदा घोषणा होते. संघाचं मौन म्हणजे संमती; पण ते मौन तीन वेळा ऐकवल्यानंतरचं असतं. आणि भिक्षूला चीवर परत ठेवून जाण्याची वाट खुली असते.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात या जुन्या शहाणपणाचे काही अंश उतरले आहेत. संमती मुक्त, ठराविक हेतूपुरती आणि माहिती देऊन घेतलेली हवी. देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय हवी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम जाहीर झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी मुदत मिळाली. नुसतं मराठी भाषांतर पुरणार नाही, कारण चाळीस पानांचा मराठी मजकूरही कुणी वाचणार नाही. प्रत्येक हेतू स्वतंत्रपणे, चार वाक्यांत, ज्या क्षणी ती माहिती लागते त्याच क्षणी विचारला गेला पाहिजे. आणि दुकानातल्या त्या मुलाला गिऱ्हाइकाच्या हाती यंत्र देऊन म्हणता आलं पाहिजे, “काका, हे बटण तुम्हीच दाबा, आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवतो.”