आजपुरती नाही आवडली

दक्षिण फ्रान्समध्ये मार्से आणि तुलाँ या दोन बंदरांच्या मधे, भूमध्य समुद्राच्या काठी बांदोल नावाचं गाव आहे. मागच्या डोंगरउतारांवर दगडी बांध घातलेले आणि त्यांवर द्राक्षांचे मळे. इथल्या रेड वाइनचे चाहते एखाद्या उत्पादकाला जीव लावून असतात. वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच घ्यायची, पाहुण्यांसमोर त्याचंच कौतुक करायचं. मग एका वर्षी नव्या हंगामाची पेटी घरी येते. मोठ्या हौसेनं पहिली बाटली उघडली जाते आणि पहिल्याच घोटाला चेहरा उतरतो. वास जवळजवळ नाहीच. फळाची चव कुठेतरी दडून बसलेली. जिभेवर उरतो तो कोरडा, खरखरीत तुरटपणा. अनोळखी माणसाची वाइन अशी निघाली असती, तर ग्लास बाजूला ठेवून विषय संपला असता. आपल्या माणसाची निघाली की लागतं. ‘याचाही हात बिघडला वाटतं,’ असं पटकन मनात येऊन जातं.

आता ही वाइन मुळातच घाईची नव्हे. बांदोलच्या रेड वाइनमध्ये निम्मी तरी द्राक्षं मूर्व्हेद्र जातीची असावी लागतात, असा तिथला नियमच आहे. हे द्राक्ष उशिरा पिकतं आणि त्याची साल जाड असते. सालीत आणि बियांत तुरटपणा आणणारं टॅनिन असतं. कडक कोऱ्या चहानं तोंड आवळतं, तेही टॅनिनसारख्याच द्रव्यांमुळे. म्हणून ही वाइन किमान 18 महिने लाकडी पिंपात ठेवावी लागते. बाटलीत भरल्यावरही तिचं काम थांबत नाही. टॅनिनचे कण हळूहळू एकमेकांना जोडले जातात, काही जड होऊन गाळासारखे तळाशी बसतात आणि तोंड आवळणं कमी होत जातं. मात्र मधे एक अडनिडं वय येतं. ताज्या फळाचा सुगंध ओसरलेला असतो आणि मुरल्याचा अजून यायचा असतो. अशा वाइनला फ्रेंच लोक ‘बंद’ म्हणतात. म्हणून हे ठाऊक असलेले लोक एकच बाटली घेत नाहीत. सहा-बारा घेतात, एक लवकर उघडून पाहतात आणि बाकीच्या तळघरात, थंड अंधारात आडव्या ठेवून देतात. पहिली बाटली वाया गेली असं त्यांना वाटत नाही. दुसरी कधी उघडायची, याचा अंदाज त्यांना पहिलीनंच दिलेला असतो.

त्या बनवणाऱ्याचा विचार केला की मला जास्तच थांबावंसं वाटतं. पाववाल्याचा आजचा पाव फसला तर उद्या पहाटे पुन्हा पीठ मळता येतं. वाइनवाल्याला वर्षातून एकच सुगी मिळते. चाळीस वर्षं काम केलं तर चाळीस सुग्या. आयुष्यभराच्या संधी तेवढ्याच. त्यातही सगळं त्याच्या हातात नसतं. एप्रिल 2021 मध्ये फ्रान्सच्या मोठ्या भागात कडाक्याचं दंव पडलं आणि वेलींचे कोवळे कोंब रातोरात करपले. तशा वर्षी कितीही कसबी हात असला तरी तो करून करून किती करणार? अर्थात, थांबलं की सगळं गोड होतं असंही नाही. फ्रान्समधल्याच बोर्दोच्या 1975 सालच्या रेड वाइन अशाच खरखरीत तुरट होत्या. लोकांनी आशेनं वर्षानुवर्षं वाट पाहिली. काही बाटल्या छान उमलल्या. काहींचा तुरटपणा मऊ होण्याआधीच फळाची चव विरून गेली. तेव्हा आवडत्या नावाखातर न आवडलेल्या घोटाचं गुणगान करायचं कारण नाही. वाट पाहणं वेगळं आणि स्वतःच्या जिभेला खोटं पाडणं वेगळं.

आज कामावर जाता जाता माणसांबाबतही एवढंच करून पाहावं. आपल्या मतात ‘आज’ हा शब्द घालावा. नेहमी नेटकं काम करणाऱ्या सहकाऱ्यानं काहीतरी अर्धंकच्चं पाठवलं, तर ‘आजचं जमलं नाही’ म्हणावं. बहीण फोनवर तुटक बोलली, तर ‘आज तिचं काहीतरी बिनसलंय’ म्हणावं. नाराजी लपवायची नाही, फक्त ती त्या दिवसापुरती ठेवायची. माणूस कसा आहे याचा निकाल त्याच दिवशी लागलाच पाहिजे, अशी घाई कोणाला असते? बहुतेक वेळा आपल्यालाच. आणि बोलायचंच झालं तर ते त्याच्यापाशीच बोलावं, चार लोकांत नव्हे. फ्रान्समध्ये बरेच छोटे उत्पादक आपल्या मळ्यावरच वाइन विकतात. तिथे गिऱ्हाईक उत्पादकासमोर उभं राहून ‘यंदाची मला फार तुरट लागली’ असं सरळ सांगू शकतं. तो कदाचित म्हणेल, अजून चार-पाच वर्षं थांबा. कदाचित खांदे उडवून म्हणेल, हो, वर्षच तसं होतं. उघडलेली बाटलीही लगेच मोरीत ओतायला नको. बूच लावून उद्यापर्यंत ठेवली तर हवा लागून ती थोडी मोकळी होते. शिवाय बांदोल ज्या भागात आहे त्या प्रोव्हान्सच्या घरांत मंद आचेवर तासन्‌तास शिजणाऱ्या मांसाच्या रश्शात वाइन लागतेच. तिचा तिथे उपयोग होतो. उरलेल्या बाटल्या तळघरात राहू द्याव्यात. पुढच्या वर्षी त्याच्याकडून पुन्हा पेटी घ्यायची की दोनच बाटल्या, हे मात्र खुशाल आपल्या मनाप्रमाणे ठरवावं.