सुगंध कोणाचा?

दर रविवारीं सकाळीं आमच्या स्वयंपाकघरांत एक लहानसा उद्योग चालतो. मोठ्या पातेल्यांत गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणि त्या बुडतील इतकेंच पाणी. मधोमध एका तिवईवर रिकामी वाटी. पातेल्यावर उलटें घातलेलें झांकण आणि त्याच्या खळग्यांत बर्फाचे खडे. मंद आंचेवर वाफ वर जाते, थंड झांकणास लागून तिचें पाणी होतें, आणि तें झांकणाच्या मुठीवरून थेंब थेंब वाटींत उतरतें. गुलाब महाग झाला कीं वाळ्याच्या मुळ्या. या पाण्यांत चिमूटभर तुरटी आणि थोडें ग्लिसरीन मिसळून आम्ही तें दाढीनंतर तोंडास लावतों. मद्यार्काशिवाय केलेलें हें पाणी आठपंधरा दिवसांत नासतें, म्हणून तें फ्रिजमध्यें दह्याच्या शेजारीं ठेवावें लागतें, आणि त्यावरून घरांत थोडी कुरबुरहि होते.

मागें एकदां आम्हीं अधिक धाडस केलें. कागदी लिंबाच्या सालींचें तेल काढून तें पाण्यांत घातलें, गालास लावलें आणि भर दुपारीं उन्हांत हिंडलों. दोन दिवसांनीं गालावर काळसर डाग उठला व तो जावयास दोन महिने लागले. लिंबाच्या सालींतील कांहीं द्रव्यें ऊन लागतांच कातडी भाजतात, हें ज्ञान आम्हांस ग्रंथांतून न होतां गालावरून झालें.

तो डाग पाहून आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं विचारलें, "तुम्ही जन्मभर नीतिशास्त्र शिकविलें. हा शौक त्यांत कोठें बसतो?" प्रश्न थट्टेचा होता. परंतु तो मनांत राहिला, आणि ज्या प्रश्नास आपण हंसून उत्तर देतों तोच पुष्कळदां खरा असतो असा आमचा अनुभव आहे.

सुगंधाविरुद्ध सर्वांत नेमका आक्षेप इमान्युएल कांटनें घेतला आहे. १७९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निर्णयशक्तीवरील ग्रंथांत तो संगीताची तक्रार करतां करतां अत्तर लावलेल्या हातरुमालावर येतो. चित्र नको असेल तर डोळे फिरवितां येतात. परंतु ज्यानें सुगंधी रुमाल खिशांतून काढला, त्यानें भोंवतालच्या सर्वांवर तो वास लादला, कारण श्वास घ्यावयाचा तर त्यांना तो घ्यावाच लागतो. म्हणजे अत्तर लावणें हें एक प्रकारें दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण होय. आमच्या मतें कांटचा आक्षेप त्यानें मांडला त्याहूनहि प्रबळ आहे. नाकाचा स्वभाव असा कीं एकच वास कांहीं मिनिटें येत राहिला कीं तें त्याची दखल घेणें सोडून देतें. ज्यानें अत्तर लावलें त्यालाच तें थोड्या वेळानें जाणवेनासें होतें, आणि जाणवत नाहीं म्हणून तो आणखी लावतो. आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षांत या नियमाचीं उदाहरणें रोज दृष्टीस, किंबहुना नाकास, पडतात.

तथापि कांट एक गोष्ट विसरला. अत्तर न लावणारा मनुष्य निर्गंध असतो असें थोडेंच आहे? घाम, तंबाखू, लसणाची फोडणी, धुपाटणें, ओलें कापड, यांपैकीं कशाचा ना कशाचा वास प्रत्येकास असतोच, आणि तोहि शेजाऱ्यावर लादलेलाच असतो. आपण फक्त ज्याची संवय आहे त्यास वास म्हणत नाहीं. शिवाय लादण्याचा प्रश्न आपल्या जुन्या रीतीनें फार सुंदर सोडविला होता. समारंभाच्या शेवटीं अत्तर-गुलाब होई, तेव्हां यजमान अत्तरदाणी घेऊन पाहुण्यापुढें उभा राही. पाहुण्यानें हात पुढें केला तरच मनगटाच्या मागें अत्तराचा बोळा फिरे. ज्यास नको तो हात जोडून नमस्कार करी, आणि त्यांत कोणास अपमान वाटत नसे. एवढी साधी युक्ति केनिग्सबर्गच्या त्या महापुरुषास माहीत असती तर त्याचा रुमालावरील राग निवळला असता, अशी आमची समजूत आहे.

आपल्याकडे हा विषय हलका समजत नव्हते, याचीं प्रमाणें पुष्कळ आहेत. कामसूत्रांतील चौसष्ट कलांत गंधयुक्ति आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांतील आपल्या बृहत्संहितेंत ग्रहांच्या व पावसाच्या विचाराशेजारींच गंधयुक्तीचा अध्याय घातला, आणि सोळा द्रव्यांपैकीं कोणतींहि चार निवडावयाचीं तर १८२० प्रकार होतात असा अचूक हिशेब दिला. सुगंधासाठीं केलेला हा हिशेब आज गणिताच्या इतिहासांत सांगितला जातो. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें मानसोल्लासांत राजाच्या उपभोगांमध्यें गंधांचा विचार केला. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनीं प्रकाशांत आणलेल्या 'गंधवाद' नांवाच्या संस्कृत ग्रंथावर तर जुनी मराठी टीका आहे. ती १९८९ सालीं बडोद्याहून छापून निघाली. आपल्या भाषेंत कोणीतरी कित्येक शतकांपूर्वीं वासांवर टीका लिहीत बसला होता, हें वाचून आम्हांस आपल्या रविवारच्या उद्योगाची लाज बरीच कमी वाटूं लागली.

कायद्यालाहि हा प्रश्न एकदां सोडवावा लागला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याविरुद्ध बलसारा नांवाच्या गृहस्थांनीं न्यायालयांत दाद मागितली, तेव्हां व्हिस्की आणि बिअर यांच्याबरोबर ओ द कोलोन बाळगण्याचाहि हक्क त्यांनीं मागितला होता. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पिण्याच्या दारूवरील बंदी मोठ्या अंशीं कायम ठेवली, परंतु मद्यार्क असलेलीं औषधें व प्रसाधनें त्या बंदींतून मोकळीं केलीं. तोच अर्क घशाखालीं गेला तर अपराध, आणि गालावर राहिला तर सभ्यता! यांत हंसण्यासारखें आहे खरें. परंतु वस्तूंत दोष नसून तिच्या उपयोगांत असतो हा नीतिशास्त्रांतला जुना सिद्धांत यापेक्षां स्वच्छ आम्हांस वर्गांत कधीं सांगतां आला नाहीं.

येथवर आमची बाजू ठीक होती. अडचण येते ती सॉक्रेटिसाजवळ. झेनोफननें लिहिलेल्या मेजवानीच्या संवादांत यजमान पाहुण्यांसाठीं अत्तर आणवूं पाहतो, तेव्हां सॉक्रेटिस तें नाकारतो. त्याचें म्हणणें असें कीं अत्तर लावलें कीं गुलाम आणि स्वतंत्र नागरिक यांचा वास एकसारखाच येतो. पुरुषाच्या अंगास व्यायामशाळेंतल्या तेलाचा वास शोभतो, आणि तो मिळविण्यास पुष्कळ काळ चांगल्या उद्योगांत घालवावा लागतो.

पहिलें विधान वाचून आमच्या मनांत आलें कीं हा सुगंधावरचा आक्षेप नसून त्याची स्तुति आहे. गुलामाला स्वतंत्रासारखा वास येऊं लागला तर बिघडलें काय? जॉर्ज ऑर्वेलनें १९३७ सालच्या आपल्या एका पुस्तकांत लिहिलें आहे कीं खालच्या वर्गाच्या अंगास वास येतो ही शिकवण मध्यमवर्गीय मुलांच्या मनांत लहानपणींच भिनविली जाते, आणि मतें बदललीं तरी ती किळस जात नाहीं. तें ज्या देशाविषयीं लिहिलें त्याहून आपल्या देशास तें अधिक लागू नाहीं काय? परंतु सॉक्रेटिसाचें दुसरें विधान, तें तेलाविषयींचें, आम्हांस अजूनहि बोंचतें. त्याचें कारण सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

आमचे वडील तालुक्याच्या गांवीं तेलाचा घाणा चालवीत. शेंगदाणा आणि करडई. तो वास त्यांच्या सदऱ्यांत, केसांत, तळहातांच्या रेषांत असे. आणि घरांत आम्हां सर्वांनाच तो असल्यामुळें, वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें, कोणासच येत नसे. १९८७ सालीं आम्ही पुण्यास वसतिगृहांत राहूं लागलों, आणि तेथें तो वास आम्हांस प्रथमच आला. दिवाळीपूर्वीं आप्पा भेटीस आले, हातांत तेलाचा डबा घेऊन. खोलींत मित्र बसले होते. एक वकिलाचे चिरंजीव, एक डॉक्टरांचे. आम्हीं आप्पांना व्हरांड्यांतच गांठलें, आणि शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेली आफ्टर-शेव्हची बाटली त्यांच्या हातीं देऊन म्हटलें, "प्रवासानें घामेजला असाल, हें लावा."

त्यांनीं बाटली हातांत फिरवून पाहिली व विचारलें, "तेलाचा वास येतुया व्हय रं अंगाला?"

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं थोडें पाणी तळहातावर घेतलें, देवाचें तीर्थ घ्यावें तसें, आणि मानेला लावलें. मग आंत येऊन मित्रांशीं मोकळेपणानें बोलले. निघतांना आम्हीं ती बाटली त्यांना घेऊन जावयास सांगितली, तीहि त्यांनीं घेतली.

सुगंध ही लबाडी आहे काय, असा प्रश्न या प्रसंगाच्या प्रकाशांत आम्ही पुष्कळ वेळां स्वतःस विचारला. कांहीं वर्षें तर हट्टानें साबणाखेरीज कशासहि शिवलों नाहीं, जणूं तें प्रायश्चित्तच. परंतु तो पोरकटपणा होता, कारण त्या दिवशीं खोटें बोलली ती बाटली नव्हती. अथेन्सच्या तरुणांच्या अंगाला तेलाचा वास येई तो फुरसतीचा होता म्हणून भूषण ठरला. आप्पांचा पोटापाण्याचा होता म्हणून झांकावासा वाटला. सुगंध हात पुढें करणाऱ्यास दिला तर तो मान आहे. हात धरून लावला तर तो निवाडा आहे, आणि तो आम्हीं आपल्या वडिलांवर दिला. आज आम्ही जें पाणी घरीं करतों तें इतकें सौम्य असतें कीं दोन हातांपलीकडे जात नाहीं, आणि तें लावल्यावर घरच्यांना विचारतों, फार झालें काय? विद्यार्थ्यांस हें हास्यास्पद वाटेल.

माणसें सुगंध करतात तीं बहुधा नसलेली एखादी गोष्ट जवळ ठेवण्यासाठीं. योहान मारिया फारिना हा इटलीचा मनुष्य कोलोन शहरीं राहिला आणि पावसानंतरच्या आपल्या देशांतल्या वसंतातील सकाळीची आठवण देणारें पाणी त्यानें केलें. कन्नौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीवरून वाफ नेऊन चंदनाच्या तेलांत उतरवितात आणि पहिला पाऊस कुपींत भरतात. आम्हींहि एकदां पेंड आणून, ती तव्यावर कोमट करून पाहिली. वास आला, परंतु तो पेंडीचा. लांकडी घाण्याचा, तापलेल्या तेलाचा आणि सुती सदऱ्याचा मिळून जो एक वास होई तो कांहीं केल्या जमला नाहीं, आणि घाणा तर केव्हांच मोडींत गेला.

आप्पा वारले त्यानंतर त्यांच्या पेटींत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखालीं, एका फडक्यांत गुंडाळलेली ती बाटली सांपडली. रंग काळवंडला होता. पाणी निम्म्याहून खालीं गेलें होतें. बूच घट्ट नव्हतें. तें त्यांनीं लावून संपविलें कीं इतक्या वर्षांत नुसतें उडून गेलें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. आईस विचारलें, तर तीहि म्हणाली, मला नाहीं ठाऊक.