उतरवता येणारा रंग

मोटारीचा रंग घरच्या अंगणात बदलण्याची एक रीत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. पत्रा स्वच्छ धुऊन त्यावर रबरासारख्या द्रवाचे पाच-सहा हात फवारायचे. वाळल्यावर नवी त्वचा तयार होते. मन विटले की ती सोलून काढावी. मूळ रंग खाली शाबूत असतो. परतीची वाट मोकळी आहे म्हणून निर्णय हलका मानावा काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

या विद्येचा नियमच त्याचे उत्तर देतो. थर जाड असेल तर तो अखंड सुटतो. हात राखून पातळ दिला, तर तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि नखे झिजतात. अर्धवट मनाने केलेलेच निस्तरणे कठीण! शिवाय वर्षानुवर्षे उन्हात राहिलेला थर सहजी सुटत नाही. म्हणजे ‘केव्हाही उतरवू’ हे अभिवचनही मुदतीचेच. नोंदणी-प्रमाणपत्रात मोटारीचा रंग लिहिलेला असतो. थर उद्या काढायचा असला, तरी आज रस्त्यावर दिसणाऱ्या रंगाचे उत्तरदायित्व आजच येते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सांगतात, की पूर्वज मोहिमेपुरतेच इकडे आले होते. परतणे राहून गेले. इथले पाणी, इथली बोली अंगी मुरली. आता वरचे कोणते नि मूळचे कोणते, हे सोलून दाखवता येणार नाही, आणि त्याची खंतही नाही. मात्र तात्पुरते म्हणून जे स्वीकारावे, ते कायमचे ठरू शकेल हे जाणूनच स्वीकारावे, असे आम्हांस वाटते.