हिरवी चकती

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या सौ. कपाटापुढे उभ्या राहून विचारतात, "अहो, हे भंगार अजून किती वर्षं सांभाळायचं?" भंगार म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या गळ्यातल्या ओळखचकत्या. शाळामास्तराला न परवडणारा हा नाद आहे, हे मला मान्य आहे.

खरी-खोटी पारखण्याचा मला थोडा गर्वही होता. १९१४ पासून सैनिकाला दाबलेल्या तंतूंची एकच तांबडी चकती मिळे. तो पडला की ती नोंदीसाठी काढून नेत, आणि मागे प्रेत निनावी राही. म्हणून १९१६ साली दोन आल्या. तांबडी गोल काढून न्यायची. हिरवी अष्टकोनी त्याच्यापाशीच ठेवायची. अक्षरे एकेक ठसा हातोडीने ठोकून उठवलेली, म्हणून ओळ वाकडी. फार सरळ दिसली की मी सावध होतो. मग नंबर आणि पलटण यांचा मेळ पाहतो. १९१७ मध्ये टेरिटोरियल पलटणींचे नंबर बदलून सहा आकडी झाले; नकली माल करणारा तिथे पुष्कळदा घसरतो.

गेल्या वर्षी एका विलायती व्यापाऱ्याकडून टपालाने हिरवी चकती आली. 'सोमच्या शेतात सापडली', एवढेच त्याने लिहिले होते. कडा कुजलेल्या, भोकात माती. नंबर जुळला, पलटण जुळली. रात्री मृतांच्या यादीत नावही सापडले, थिपव्हालच्या स्मारकावर. मी आनंदाने टाळी वाजवली.

थिपव्हालला ७२,००० हून अधिक नावे आहेत, आणि ती थडगे ठाऊक नसलेल्यांची आहेत. म्हणजे माझी पारख बरोबर असेल, तर त्याला नाव मिळवून देणारी एकुलती वस्तू कोणीतरी उकरली होती आणि मी तिचे पैसे मोजले होते. दोरी तुटून ती आधीच कुठे पडली असेल, अशी मनाची समजूत घालून पाहिली. नकली चकतीने फार तर माझा खिसा कापला असता.

भिंग घेऊन मी पुन्हा बसलो. या वेळी ती खोटी ठरावी म्हणून. ठरेना.

'कोणते शेत?' असे व्यापाऱ्याला दोनदा विचारले. उत्तर नाही. आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनला पत्र लिहून ठेवले आहे. जागा सांगता येत नाही, तेव्हा त्याचा उपयोग कितपत होईल, देव जाणे.

परवा सौ.नी चकती हातात घेऊन नाव वाचले आणि पुसायला फडके उचलले.

"माती राहू दे," मी म्हणालो, "तशीच पाठवायची आहे."